शून्य पूर्णांक चार

आपण तिला जावा म्हणतो.
यिह्लावाच्या वरच्या खेड्यांत
तीच अक्षरं यावा अशी उच्चारतात.

व्लास्ता दोन्ही म्हणत नाही.
ती म्हणते, बाबांची गाडी,
आणि बटाट्याची पोती बाजूला सारते.
तीस वर्षांची धूळ. सुकल्या चेरीचा रंग.
सीटखाली उंदरांनी लोकर आणून ठेवलेली,
बॅटरी फुगून फुटलेली, केव्हाच.

शेजारचा लुबोश म्हणतो, बारा व्होल्ट करून टाक,
इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव,
पेटीत सगळं येतं, अर्ध्या दिवसाचं काम.
व्लास्ता त्याला कॉफी देते.
चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
तिने रिलेचे संपर्क घासले आहेत.

उजवं झाकण. चार स्क्रू, तीन निघतात.
चौथ्यासाठी छिन्नी, आणि एक शिवी.
आत काळवंडलेला डायनॅमो,
त्याच्या कुशीत पॉइंट:
दोन इवल्या टिकल्या, एकीवर खड्डा, एकीवर उंचवटा,
एकीतून जे गेलं ते दुसरीवर जाऊन बसलेलं.
कंडेन्सर मेला की असं होतं,
मधे सांभाळून घेणारं कोणी नसलं की.

डायनॅमो तर सगळंच विसरलाय.
चुंबकाची थोडी शिल्लक आत राहायला हवी, तीही नाही;
उत्तर कुठलं, दक्षिण कुठलं.
अशा वेळी बॅटरीची तार
क्षणभर टेकवायची आणि उचलायची.
तेवढ्यानं आठवतं त्याला.
लोखंडाचं बरं असतं.

आता अंतर. शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.
फीलर गेज सापडत नाही.
बाबांच्या हत्यारांच्या डब्यात, अगदी तळाशी,
चामड्याच्या पाकिटात एक पट्टी,
पुठ्ठ्याची, बोटभर, तेलानं पिवळी,
आत-बाहेर होऊन होऊन कडा मऊ पडलेल्या.
एका बाजूला निळं पाणी, जहाजाचा पाव हिस्सा.
दुसऱ्या बाजूला उभी कापलेली अक्षरं:

        इथेही बर्फ
        आईला सां
        गाडी अजू

शेपट्या खाली ओढणारं ते वळण रोस्त्याचं.
अडुसष्टच्या सप्टेंबरात तो सीमेपलीकडे गेला.
हॅलिफॅक्सहून एक कार्ड आलं.
बाबा म्हणाले, चुलीत टाकलं,
आणि जेवणाच्या टेबलावर ते नाव
पुन्हा निघालं नाही.

त्यांनी मोजून पाहिलं असणार. जाडी बरोबर आहे.
मग वर्षातून दोनदा, बर्फ वितळल्यावर आणि कापणी झाल्यावर,
एकवीस वर्षं,
हे दोन धातूंच्या मधे सरकवलं असणार,
ना घट्ट ना सैल,
काढताना जरासं धरून ठेवल्यासारखं वाटेल
इतकंच.

व्लास्ता बराच वेळ काही करत नाही.
लुबोशचा कुत्रा येऊन लोकर हुंगून जातो.
मग ती पट्टी सरकवते, स्क्रू आवळते,
पट्टी ओढते. धरते जराशी. सुटते.

ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही,
उघडताना पडते.
हे ती नऊ वर्षांची असताना बाबांनीच दाखवलं होतं.
टॉर्च रोस्त्यानं धरला होता, आणि तो हलत होता
म्हणून त्याला बोलणी बसली होती.

खिळ्यासारखी किल्ली ती आत दाबते.
हेडलाइटच्या माथ्यावर लाल दिवा.
किक. काही नाही. किक.
सातव्या किकेला खोकला, अकराव्याला धूर,
सगळं कोठार निळं, कोंबड्या सैरावैरा.
ती मूठ पिळते. लाल दिवा थरथरतो, फिकटतो,
जातो.

कुंपणावरून लुबोश ओरडतो, चार्ज करतेय?

करतेय, ती म्हणते. मूठ सोडली की दिवा येतो,
पिळली की जातो, ती उगाच दोन-चारदा करून बघते.
पट्टी एप्रनच्या खिशात आहे.
सकाळचे दहा. हॅलिफॅक्सला पाच.
एक्स्चेंजातल्या बाईला हे हिशेब करावे लागत नाहीत,
ते होतात.